एकशे चव्वेचाळिसावा प्राणी

१

मंगळवार, ११ मार्च. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. इमारतीबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी असलेली माणसे : एकशे त्रेचाळीस. आत, टेबलांवर उभे असलेले प्राणी : एकशे चव्वेचाळीस.

या दोन आकड्यांत फरक असायला नको होता. बाहेरची माणसे कंपनीच्या लोकांनी मोजली होती. आतले प्राणी मी स्वतः, रिकाम्या मजल्यावर, दोनदा मोजले : पहिल्यांदा दारापासून खिडकीकडे आणि दुसऱ्यांदा खिडकीपासून दाराकडे.

प्राण्यांविषयी आधी सांगितले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी या कंपनीत एकोणीस माणसे होती. ती वाढत गेली, तसा चौथ्या मजल्याचा अवतारही बदलत गेला. पोटमाळ्यावरून खाली यायला घसरगुंडी होती, बैठकीच्या खोलीत खुर्च्यांऐवजी झोपाळे होते आणि फोनवर बोलण्यासाठी तीन बंदिस्त कोठड्या होत्या, ज्यांना सगळे ‘गुहा’ म्हणत. बसायची जागा कोणाचीच ठरलेली नव्हती. कामाला लागण्याच्या दिवशी प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा आणि कंपनीने त्याची वीतभर उंचीची लाकडी आकृती करून द्यायची. सकाळी दाराजवळच्या फडताळातून आपला प्राणी उचलायचा, ज्या टेबलावर बसाल त्यावर ठेवायचा आणि जाताना परत फडताळात ठेवायचा. आकृतीवर नाव नाही, क्रमांक नाही. प्राण्याचे तोंड संगणकाकडे असले तर मालक कामात आहे. तोंड बाहेर असले तर तो बोलायला मोकळा आहे.

माझे काम साधे होते. कंपनीला पाचवा मजलाही घ्यायचा होता आणि त्यासाठी अग्निसुरक्षेचा दाखला शुक्रवारपर्यंत हवा होता. सरावाची घंटा वाजवायची, मजला रिकामा होतो का ते पाहायचे, मोजणी जुळली की सही करायची. एका कारखान्यात चौतीस वर्षे मी हेच केले होते.

संस्थापकांचा प्राणी जिराफ होता, म्हणून सारे त्यांना जिराफ म्हणत. त्यांची उंची बेताची होती. हा विनोद त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत मला दोनदा ऐकवला.

“एक प्राणी जास्त आहे,” मी म्हणालो.

“जास्त असूच शकत नाही, सर. प्राणी टेबलावर म्हणजे माणूस आत. ही पद्धत मी स्वतः बसवलीये.”

“मग एक माणूस आत राहिला असला पाहिजे.”

जिराफांनी मजल्याच्या सुरक्षारक्षकांकडे पाहिले. साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा गणवेश घातलेले गृहस्थ. त्यांना सगळे ‘काका’ म्हणत.

“काका, मजला बघितलात ना?”

“बघितला.”

“सगळा?”

“सगळा, साहेब. कागदावर लिहून दिलंय.”

“मग पद्धत बरोबर, मजला रिकामा आणि आकडा तेवढा चुकीचा. म्हणजे चूक माणसाची.” जिराफांचा आवाज गोड होता. “शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर काका, तुमच्या एजन्सीकडून मला दुसरा माणूस मागवावा लागेल. राग मानू नका हं.”

काकांनी राग मानला नाही. नंतर जिन्यात, माझ्याकडे न बघता, ते एवढेच म्हणाले, “या वयात दुसरी जागा मिळत नाही, साहेब.”

मी सर्वांना मजल्यावर परत बोलावले आणि आपापल्या प्राण्याशेजारी उभे राहायला सांगितले. पाच मिनिटे गडबड झाली, हसणे-खिदळणे झाले. मग सगळे आपापल्या जागी स्थिरावले.

खिडकीच्या टोकाच्या एका टेबलाजवळ कोणीच गेले नाही. त्यावर तपकिरी रंगाचे एक मुंगूस उभे होते. तोंड बाहेर.

२

“मुंगूस?” उत्साहप्रमुख बाई म्हणाल्या. वय तिशीच्या आतले, प्राणी खार. “आमच्याकडे मुंगूस नाहीच! भिंतीवर यादी बघा ना. घोरपड आहे, वटवाघूळ आहे, एकाने हट्टाने डास घेतलाय. पण मुंगूस कोणी मागितलंच नाही.”

मी यादी वाचली. एकशे त्रेचाळीस प्राणी, प्रत्येकासमोर मालकाचे नाव. तळाशी नियम : घेतलेला प्राणी पुन्हा घेऊ नये.

“नोकरी सोडून गेलेल्या कोणाचं असेल?”

“जाणारा आपला प्राणी घरी नेतो. निरोपाचा फोटो असतो त्याच्यासोबत. सगळे रडतात. म्हणजे, पहिले एकोणीस होते त्यांच्या वेळी रडायचे. आता कोण गेलं तेच कधीकधी फोटोवरून कळतं मला.”

फोटोंचा विषय निघाला तेव्हा समजले की त्या रोज सकाळी साडेदहाला पोटमाळ्यावरून सबंध मजल्याचा फोटो काढतात आणि ‘आजचा आनंद’ म्हणून दारातल्या मोठ्या पडद्यावर लावतात. आम्ही दोघांनी मागे जात जात ते फोटो पाहिले. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. मुंगूस प्रत्येक फोटोत होते. नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेपर्यंत मागे गेल्यावर ते नाहीसे झाले. मधले कामाचे दिवस मी मोजले. एकाहत्तर भरले.

दोन गोष्टी मी टिपून ठेवल्या. ज्या मजल्यावर रोज जागा बदलण्याचे कौतुक, तिथे हा प्राणी एकाहत्तर दिवस एकाच टेबलावर होता. आणि एकाही फोटोत त्या टेबलाशी कोणी बसलेले नव्हते.

“मी रोज बघते हो हे फोटो,” खार हळूच म्हणाल्या. “रोज. चेहरे हसरे आहेत ना, तेवढं तपासते.”

३

संशय घ्यायचा तर पहिला मान ‘अस्वल’ या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरचा होता. आदल्या वर्षी त्याने सगळे प्राणी रांगेने घसरगुंडीवर बसवले होते आणि त्यामुळे निम्मी सकाळ वाया गेली होती.

“माझ्यावर संशय? चला, कोणीतरी आठवण काढली,” तो चेंडूंच्या हौदाच्या काठावर बसून म्हणाला. “पण नाही, सर. मी केलं असतं तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं असतं. सांगायचंच नाही तर थट्टा करायची कशाला? फुकट गेली ना ती.”

त्याचे म्हणणे मला पटले. एकाहत्तर दिवस मुकाट्याने केलेली गोष्ट थट्टा असू शकत नाही.

“त्या टेबलावर कधी बसला आहात?”

“बसणार कसं? तिथे खुर्ची कुठाय?”

हे माझ्या नजरेतून सुटले होते. चौतीस वर्षांच्या अनुभवाची ही अवस्था. मी खरेदीची यादी मागवली. टेबले एकशे साठ, खुर्च्या एकशे साठ. मजल्यावर मोजल्या त्या एकशे एकोणसाठ भरल्या.

बुधवारी जेवणाच्या सुटीत काका जिन्याच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून, एकटेच डबा खात होते. मी शेजारच्या पायरीवर बसलो. ते उठायला लागले. मी त्यांना हाताने थांबवले.

“काका, तुमचा प्राणी कोणता?”

“आम्हाला नसतो, साहेब. आम्ही एजन्सीचे.”

“मंगळवारी मजला पाहताना कोणी आत दिसलं होतं?”

त्यांनी डब्याचे झाकण लावले. मग क्लिपा लावल्या, एक, दोन. एवढ्या वेळात ‘नाही’ हा शब्द चार वेळा म्हणून झाला असता.

“साहेब, मी काय लिहून दिलंय ते तुम्ही वाचलंत का?”

“सही पाहिली.”

“सही नका बघू. वाचा. मी खोटं लिहीत नाही.”

४

छापील कागदावर वाक्य होते : ‘मजला पूर्ण रिकामा आहे.’ काकांनी ते एका सरळ रेघेने खोडले होते आणि वर बारीक अक्षरात लिहिले होते : ‘यादीतील कोणीही आत नाही.’

ज्याला मजला रिकामा दिसतो, तो छापील वाक्य कशाला खोडेल? आत कोणीतरी होते आणि ते यादीत नव्हते.

मी मागच्या सरावाची नोंद काढली. सप्टेंबर महिना. यादी एकशे एकवीस माणसांची. ‘पहिली मोजणी १२२. एक जास्त. मोजणाऱ्याची चूक. सर्वांना पुन्हा रांगेत उभे केले. दुसरी मोजणी १२१. बरोबर.’ खाली जिराफांची सही.

अशा नोंदी मी शेकड्यांनी वाचल्या आहेत. माणूस कमी भरला की आपण शोधायला धावतो आणि जास्त भरला की पुन्हा मोजतो. जुळेपर्यंत मोजतो. सप्टेंबरात मोजणारा चुकला नव्हताच, असे धरले तर? एकशे बाविसावे माणूस खरोखरच तिथे उभे होते आणि दुसऱ्या मोजणीच्या आधी ते बाजूला झाले, असे धरले तर?

मग मंगळवारच्या गणिताचीही बाजू उलटत होती. यादी बरोबर आणि प्राणी जास्त, असे आम्ही सगळे समजत होतो. प्रत्यक्षात प्राण्यांचा आकडा बरोबर होता आणि यादीत एक माणूस कमी होते.

मी मुंगूस उचलले. इतर प्राणी यंत्रावर कापलेल्या लाकडाचे, हाताला जड लागणारे. हे हलके होते. पोटाला नख लावले तर ते दबले. राखाडी रंगाचा जाड नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेले लोकरीसारखे कापड, थरावर थर चिकटवून, पात्याने कोरून वरून रंगवला होता. हा नमदा आवाज शोषून घेण्यासाठी भिंतीच्या आतून लावतात. या मजल्यावर तो एकाच ठिकाणी होता : गुहांत.

गुहा दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी केलेल्या होत्या, म्हणून आत बिनपाठीचे उंच स्टूल असे. दहा मिनिटे त्यावर बसवते. पाठ टेकायला खुर्ची कोणाला लागेल? जो दिवसभर बसतो त्याला.

पहिली गुहा रिकामी होती. दुसऱ्या गुहेत एक मुलगी हातवारे करत कोणालातरी समजावत होती. तिसरी गुहा मुंगुसाच्या टेबलापासून चार पावलांवर होती. तिच्या काचेवर पानांच्या नक्षीचा धूसर कागद चिकटवलेला होता. मी दार उघडले.

एकशे साठावी खुर्ची आत होती. तिच्यावर एक बाई बसल्या होत्या.

५

त्यांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि लगेच उठल्या. “गुहा हवीये का? दहाच मिनिटं ना? मी उठते.”

चाळिशी उलटलेली, केसांना घट्ट चाप लावलेला, हातात घडी घातलेली शाल. मी त्यांना बसायला सांगितले आणि स्वतः स्टुलावर बसलो. दार लावल्याबरोबर बाहेरचा सगळा गलका पुसल्यासारखा नाहीसा झाला. काचेबाहेर लोक हसत होते, पण हसण्याचा आवाज येत नव्हता.

त्या दुसऱ्या एका एजन्सीच्या होत्या. ग्राहकांच्या तक्रारींचे फोन रेकॉर्ड होत. ते ऐकून शब्द न् शब्द टाइप करणे हे त्यांचे काम. ऑगस्टपासून, रोज आठ तास.

“आठ तास माणसंच बोलत असतात कानात,” त्या म्हणाल्या. “पण माझ्याशी नाही. एकदा एक आजोबा म्हणाले, ‘ऐकताय ना?’ मी हो म्हणाले. मग लक्षात आलं, तो फोन तीन आठवड्यांपूर्वीचा.” आणि त्या जराशा हसल्या.

“सप्टेंबरच्या सरावाला तुम्ही खाली गेला होतात.”

“तुम्हाला कसं कळलं?” त्या चमकल्या. “गेले होते. एक जास्त भरलं म्हणून सगळ्यांना उन्हात परत उभं केलं. कोणीतरी ओरडलं, कोण आहे तो दीडशहाणा? मग त्या खारताई माझ्याजवळ आल्या. चांगलं बोलल्या हो. म्हणाल्या, तुम्ही कोणाकडे आलात? पाहुण्यांनी तिकडे पाटीखाली थांबायचं. मी बाजूला झाले आणि आकडा बरोबर आला.”

“आणि मंगळवारी?”

“घंटा इथे ऐकू येत नाही. काकांनी काचेवर टकटक केलं. चला म्हणाले, सराव आहे. मी म्हटलं, काका, मी आले की परत एक जास्त भरणार आणि बोलणी तुम्ही खाणार. ते म्हणाले, अहो चला. मी नाहीच म्हटलं. दोन मिनिटं उभे होते दारात. मग गेले.”

“सराव नसता, खरीच आग असती तर?”

त्यांनी या प्रश्नाचा नीट विचार केला. “तेव्हाही काकाच आले असते,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाला मी इथे आहे हेच माहीत नाही.”

मुंगूस अजून माझ्या हातातच होते. मी विचारले, “मुंगूसच का?”

“बाकीचे सगळे घेतलेले होते. नियम आहे ना, घेतलेला पुन्हा घ्यायचा नाही.” भिंतीचा एक कोपरा दुरुस्त केला तेव्हा नमद्याचे तुकडे उरले होते, त्यांचे केले म्हणाल्या. “तोंड बाहेर ठेवलं की लोक बोलायला येतात, असं लिहिलंय भिंतीवर. म्हणून ठेवत होते.”

“आलं कोणी?”

“एकदा एक जण आला. मुंगुसासमोर कॉफीचा कप ठेवला, फोनवर बोलला आणि कप विसरून गेला. मी धुऊन ठेवला.” मग काहीतरी आठवून त्या म्हणाल्या, “तुम्हीही दिसला होतात मला, सर. मंगळवारी. या पानांच्या मधून जरा जरा दिसतं. तुम्ही एकटेच मोजत होतात, ओठ हलत होते तुमचे. दोनदा मोजलंत.”

“मग दार का नाही उघडलंत?”

“मध्येच बोलले असते तर तुमचा आकडा चुकला असता.”

मजल्यावर मी एकटाच आहे, असे समजून मी त्या वेळी मोजत होतो. गुहांची तीन दारे उघडून पाहायला मला अर्धे मिनिटही लागले नसते.

६

गुरुवारी सकाळी जिराफ, खार आणि काका यांच्यासमोर मी हे सगळे क्रमाने मांडले. खोडलेले वाक्य, सप्टेंबरची नोंद, नमदा, खुर्ची. खार मान खाली घालून ऐकत होत्या. जिराफांनी मध्येच हात वर केला.

“एक मिनिट, सर. म्हणजे काकांनी एका बाईला आत सोडून खाली येऊन सही दिली? मग तर प्रश्नच मिटला. हे मुंगुसापेक्षा वाईट आहे.”

“वाईट आहे,” मी म्हणालो. “काका, तुम्ही चुकलात. नाही म्हणाल्या तरी त्यांना उठवून आणायला हवं होतं.”

“हो, साहेब,” काका म्हणाले. “दोन रात्री तेच डोक्यात आहे.”

“मीही चुकलो. गुहा न उघडता प्राणी मोजत बसलो. दोन्ही चुका अहवालात जातील. पण आधी मला एक सांगा. मंगळवारी काका सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. त्यांना कोणी मोजलं?”

खारांनी यादीवरून बोट फिरवले, वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. “ते यादीत नाहीत.”

“म्हणजे जिन्यात पडले असते तरी तुमचा आकडा जुळलाच असता.”

जिराफांनी यादी खारांच्या हातातून घेतली.

“ही तुमच्या कर्मचाऱ्यांची यादी आहे,” मी म्हणालो. “मला या मजल्यावर असणाऱ्या माणसांची यादी हवी आहे. ती आज मिळाली तर उद्या पुन्हा सराव घेईन. नाही मिळाली तर दाखला नाही.”

खार उठून फळ्याकडे गेल्या. “सफाईच्या दोघी. नाव... एकीचं काहीतरी ‘स’वरून आहे. झाडांना पाणी घालतात ते काका. नाही, काका तर हे. ते दुसरे.” त्यांचा खडू थांबला. “मी रोज सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणते हो. खरंच म्हणते.”

“जिराफ, तुम्हाला ही नावं माहीत आहेत?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी काकांकडे पाहिले. मंगळवारनंतर पहिल्यांदाच, असे मला वाटले.

काकांनी खिशातले पेन काढले आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर उभ्यानेच लिहायला घेतले. सफाईच्या दोघी, झाडे पाहणारे गृहस्थ, गार हवेच्या यंत्राचा मिस्त्री, तिसऱ्या गुहेतल्या बाई. पूर्ण नावे, घरचे फोन, कोण किती वाजता येते, मजल्याच्या कोणत्या टोकाला असते आणि कोणाला जिना उतरताना गुडघ्याचा त्रास होतो, तेही. पाच ओळी न थांबता झाल्या. यांपैकी चौघे मंगळवारी खाली आले होते. पाहुण्यांच्या पाटीखाली उभे होते. त्यांच्याकडे कोणीच पाहिले नव्हते.

पाचव्या ओळीनंतर पेन थांबले.

“साहेब, सहावं माझं लिहू का?”

जिराफांनी स्वतःची खुर्ची मागे सारली, ती काकांच्या बाजूला वळवली आणि स्वतः उभे राहिले. “बसून लिहा, काका,” ते म्हणाले. गोडवा आवाजातून गेला होता. ते बरे वाटले. “एजन्सीला मी काही सांगणार नाही. उद्या यादी तुम्हीच वाचा. दुसऱ्या कोणाला वाचताच येणार नाही ती.”

शुक्रवारी अकराला घंटा वाजली. तिन्ही गुहांत तांबडे दिवे लागले. ते मी आदल्या दिवशी मिस्त्रीकडून बसवून घेतले होते. काका दारातून शेवटी बाहेर आले आणि खिशातून चष्मा काढून वाचू लागले. माणसे आपापल्या टोळक्यात उभी राहून ‘हजर’ म्हणत होती, कोणी जनावराचा आवाज काढत होते, अस्वलाने अर्थातच काढला. बाई भिंतीजवळ शाल सावरत एकट्या उभ्या होत्या. त्यांचे नाव आले तेव्हा त्या इतक्या हळू बोलल्या की काकांना ते पुन्हा वाचावे लागले. दुसऱ्यांदा पुष्कळांनी वळून पाहिले. त्या ‘हजर’ म्हणाल्या.

मग टोळकी बोलत बोलत जिन्याकडे निघाली. बाई कोणत्याच टोळक्यात नव्हत्या. सगळे वर जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग एकेक पायरी चढत वर गेल्या. आग लागली तर काय करायचे, एवढेच माझ्या अधिकारात येते. त्यापुढचे काही मला दाखल्यात लिहिता येत नाही.

मोजणीच्या रकान्यात मी आकडा लिहिला आणि सही केली : १४९.